शर्टाचं वरून दुसरं बटण

माझ्या धाकट्या भावाबद्दल गल्लीला दोनच गोष्टी माहीत आहेत. एक म्हणजे कॉलरला त्याच्यासारखी इस्त्री कोणाला जमत नाही, आणि दुसरी म्हणजे तो बोलत नाही. दोन्ही खऱ्या आहेत. तो सिनेमे काढतो ही तिसरी गोष्ट, आणि ती गल्लीला कळली असती तर पहिल्या दोन्हींचा काही उपयोग झाला नसता.

घरात त्याला आम्ही घड्या म्हणतो. लहानपणी खेळून आला की मळक्या शर्टाचीसुद्धा नीट घडी घालून मग तो धुवायला टाकायचा. आई डोक्याला हात लावायची. वडील म्हणायचे, असू दे, लाँड्रीवाल्याच्या पोटी लाँड्रीवालाच आला. आई-वडिलांच्या मागे दुकान आम्ही दोघं चालवतो. मी काउंटरवर बसते, कारण मला भांडता येतं. तो मागे इस्त्रीच्या टेबलापाशी उभा असतो, कारण त्याला ते येत नाही. माझा नवरा लग्नानंतर लवकरच गेला आणि मी माहेरी परत आले, ती थेट या काउंटरवरच येऊन बसले. तेव्हा घड्याने मला एक शब्दही विचारला नाही. फक्त माझ्या बॅगेतले सगळे कपडे काढले, इस्त्री केले आणि कपाटात लावून ठेवले. मी त्या कपाटापुढे बसून पोटभर रडले.

दुकानाचे नियम वडिलांनी घालून दिलेले आहेत. आलेल्या प्रत्येक कपड्याला नंबराची चिठ्ठी टाचायची, मग तो कपडा कोणाचाही असो. चिठ्ठी नाही ती फक्त घरच्या कपड्यांना. ते आतल्या तपकिरी टोपलीत टाकायचे आणि आपले आपण ओळखायचे. दुसरा नियम असा की वर्षभरात कोणी न्यायला आलं नाही तर वस्तू दुकानाची. या दुसऱ्या नियमाने कॅमेरा आमच्या घरात आला. कोणीतरी ब्लँकेटांचं गाठोडं टाकून गेलं ते परत फिरकलंच नाही. वर्षाने मी गाठोडं सोडलं तर आत चावीवर चालणारा, आठ मिलिमीटर फिल्मचा छोटा कॅमेरा. मी म्हटलं, विकून टाकू. घड्याने तो डोळ्याला लावला आणि नंतर काही खाली ठेवला नाही.

आता सिनेमा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं या सिनेमांत काहीही नाही. गोष्ट नाही, गाणं नाही, आवाजसुद्धा नाही. एका सिनेमात अंगणातल्या दोरीवर दोन पुरुषी शर्ट वाळत आहेत. वारा येतो, ते जवळ येतात. वारा पडतो, ते लांब होतात. शेवटी एकाची बाही दुसऱ्याच्या गळ्यात अडकते आणि सिनेमा संपतो. तो काढताना दोरीची काठी धरून मीच उभी होते, माझा हात भरून आला, आणि एवढं करून पडद्यावर मी कुठेच नाही. दुसऱ्या एका सिनेमात एक माणूस खोलीत येतो, बसतो, उठतो, जातो. घड्याने ती फिल्म दुकानातल्या ब्लीचमध्ये थोडी थोडी बुडवली. त्यामुळे खुर्ची राहिली, खिडकी राहिली, माणूस मात्र झिजत झिजत नुसती पांढरी भोकं पडलेली आकृती उरला. दोन बादल्यांत फिल्म धुवायची आणि कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीवर सुकत घालायची ही त्याची पद्धत. शेजारीण विचारायची, हे काय सुकतंय? मी सांगायची, रिबन. ती म्हणायची, इतकी? मी म्हणायची, इतकी.

हे सिनेमे बघायला दर रविवारी दुपारी माणसं यायची. रविवारी दुकान बंद असतं. शटर अर्धं खाली, मागच्या खोलीच्या खिडक्यांवर गिऱ्हाइकांची ब्लँकेटं आणि भिंतीवर कोणाची तरी स्वच्छ धुतलेली दुहेरी चादर, आणि तिच्यासमोर घड्याने जुन्या बाजारातून आणलेलं फिल्म दाखवायचं यंत्र. येणारे म्हणजे एक दातांचा डॉक्टर, एक बस कंडक्टर, दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर, आणि दोघं-तिघं असे की ज्यांचा व्यवसाय मी कधी विचारला नाही. कोणाला संशय येऊ नये म्हणून प्रत्येक जण हातात कपड्यांचं गाठोडं घेऊन यायचा. गाठोडं येताना धुतलेलं असायचं आणि जाताना तेच परत जायचं. वर्षानुवर्षं ही माणसं लाँड्रीत कपडे आणत होती आणि त्यातला एकही कपडा मला धुवायला मिळाला नाही.

सिनेमा संपला की सगळ्यांचे डोळे लाल. कंडक्टर म्हणायचा, ब्लीचचा वास फार आहे हो इथे. बाकीचे म्हणायचे, फारच. ज्या रविवारी ब्लीचचा डबा उघडलेलाही नसायचा त्या रविवारीसुद्धा म्हणायचे. तो पांढरा झिजलेला माणूस बघून मात्र त्यांच्यात भांडण लागलं. पेंटर म्हणाला, हा मी आहे. कंडक्टर म्हणाला, तुझा काय संबंध, हा मी आहे. डॉक्टर म्हणाला, तुम्ही दोघं गप्प बसा, माझ्या बायकोला विचारा हा कोण आहे ते. मी दाराच्या पडद्याआड भाजी निवडत होते, मला सगळं ऐकू आलं.

तर हो, मला माहीत होतं. ज्या बहिणीने भावाचे कपडे जन्मभर धुतले तिला काय सांगावं लागतं? मला माहीत आहे हे घड्यालाही माहीत होतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. काही गोष्टी बोलायच्या नसतात असं नाही, पण बोलून झाल्यावर पुन्हा त्याच टेबलावर जेवायला बसायचं असतं, आणि ते कसं जमेल याचा अंदाज दोघांनाही नव्हता.

या रविवारच्या मंडळाचा नियम एकच होता. चेहरा नाही. ज्या कोणाला घेऊन सिनेमा काढला असेल तो ओळखू येता कामा नये. ओळखला गेला तर त्याची नोकरी जाणार, राहती जागा जाणार, घरचे दार लावून घेणार, हे त्यांतल्या प्रत्येकाला पाठ होतं. म्हणून नवी फिल्म आली की आधी सगळे तपासायचे. डॉक्टर भिंगातून दात दिसतो का बघायचा. कंडक्टर बघायचा की खिडकीबाहेर कुठला रस्ता आला आहे का. पेंटर बघायचा की मागे एखादी पाटी नाही ना. ज्याला जे ओळखता येतं ते तो शोधायचा. कपडा ओळखणारं, लाँड्रीतलं, घड्याशिवाय त्यांच्यात कोणीच नव्हतं.

आता मास्तर. मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि शाळेनेच दिलेल्या खोलीत एकटे राहायचे. अंगात कायम चौकड्यांचा शर्ट. दर गुरुवारी संध्याकाळी ते एकच शर्ट घेऊन दुकानात यायचे. माणसाचे आठवड्यात सहा-सात शर्ट तरी मळतात, हे मला कळतं. बाकीचे ते घरी धुतात आणि एकच इथे आणतात, याचा अर्थ शर्ट हे निमित्त आहे, हेही मला कळलं. निमित्त कशाचं, एवढंच मी स्वतःच्या मनाने ठरवलं. शिवाय आमचं सगळं गिऱ्हाईक मला ताई म्हणतं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे म्हातारेसुद्धा म्हणतात. मास्तरांनी मला एकदाही ताई म्हटलं नाही. "हा एवढा शर्ट," असं म्हणायचे, खाली बघायचे, आणि चिठ्ठी खिशात घालून उगाच मागच्या खोलीकडे एक नजर टाकून जायचे. मला वाटायचं, लाजतात.

एका गुरुवारी त्यांच्या निळ्या-करड्या शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलेलं होतं. तसलं बटण माझ्याकडे नव्हतं. मी माझा जुना कोट काढला आणि त्याचं एक बटण कापून या शर्टाला लावलं. तपकिरी, थोडं मोठं. सुईत हिरवा दोरा होता, तोच राहू दिला. बघणाऱ्याला कळणार नाही, पण लावणारीला कळावं. या वयात मी असलं काही करीन असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला काउंटरवरून हाकलून दिलं असतं.

हे आमच्या मामाच्या लक्षात आलं. मामाच्या सगळं लक्षात येतं, फक्त अर्धवट येतं. तो म्हणाला, "बाई गं, मास्तर एकटा, तू एकटी. मी जाऊन बोलू का?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय ते कर." घरात या वाक्याचा अर्थ हो असाच होतो. मामा गेला, बोलला, परत आला. मास्तरांनी नाही म्हटलं नव्हतं. विचार करून येत्या गुरुवारी सांगतो, म्हणाले होते. मामा म्हणाला, "ज्याला नाही म्हणायचंय तो विचाराला वेळ मागत नाही." मी दुसऱ्याच दिवशी वरची रिकामी खोली झाडून घेतली आणि तिला फिकट पिवळा रंग काढायला माणूस बोलावला.

त्याच दिवशी घड्याने एक शर्ट जाळला. आयुष्यात पहिल्यांदा. पाठीवर इस्त्रीचा अख्खा काळा त्रिकोण, आणि हा बाजूला उभा राहून त्याच्याकडे बघतोय. मला भरून आलं. मला वाटलं, बहीण दुरावेल म्हणून याचा जीव तुटतोय. मी त्याला जवळ घेतलं आणि म्हटलं, "अरे वेड्या, मी कुठे जाणार आहे? तेच इथे राहायला येतील. तुझी खोली तुझीच राहील." तो म्हणाला, "माहीत आहे मला." मग त्याने त्या जळक्या शर्टाची घडी घातली, ती मोडली आणि परत घातली.

शनिवारी त्याने स्वतःला कोंडून घेतलं. बादल्या वर नेल्या. रविवारी जेवणं झाल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, आज तू पण बस."

इतक्या वर्षांत मला कोणी बोलावलं नव्हतं. मी हात पुसले, केस नीट केले आणि मागच्या खोलीत गेले. गाठोडीवाले सगळे ताडकन उठून उभे राहिले. पेंटरने मला स्वतःचं स्टूल दिलं आणि तो एका गाठोड्यावर बसला. डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, आम्ही फिल्म तपासली आहे. काही आक्षेपार्ह नाही." मी म्हटलं, "असतं तरी मी कोणाला सांगणार होते?"

दिवा मालवला. पडद्यावर एका पुरुषाचा देह, गळ्यापासून कमरेपर्यंत. अंगात शर्ट आहे, पुढून उघडा. बाजूने एक हात येतो. त्या हाताच्या अंगठ्यापाशी इस्त्रीचा जुना डाग आहे. तो मी माझ्या हाताने मलम लावून बरा केलेला, त्यामुळे हात कोणाचा हे मला लगेच कळलं. हात शर्टाचं सगळ्यात खालचं बटण लावतो. थांबतो. मग त्याच्या वरचं. छातीखाली श्वास चाललेला दिसतो. हात घाई करत नाही. मला आठवलं, कपड्याचं बटण तो असंच लावतो, काजावरून अंगठा फिरवून, म्हणजे कापड दुमडत नाही. मग हात वर सरकला आणि वरून दुसऱ्या बटणापाशी थांबला.

चादर दुहेरी होती, बटण ताटलीएवढं दिसत होतं. तपकिरी. इतरांपेक्षा मोठं. मधोमध हिरवा दोरा.

हाताने ते बटण लावलं नाही. नुसता त्यावर ठेवलेला राहिला. त्याखाली श्वास चाललेला. बराच वेळ. मग पडदा पांढरा झाला आणि यंत्राची चाकं नुसतीच फिरत राहिली.

कंडक्टर म्हणाला, ब्लीचचा वास. या वेळी कोणी हो म्हटलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. पेंटरने विचारलं, "कसं वाटलं, ताई?" मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "एक बटण वेगळं आहे."

डॉक्टर पांढराफटक पडला. "कुठलं? कुठे?" त्याने भिंग काढलं, पेंटरने दिवा लावला, कंडक्टर उगाचच दाराकडे धावला. माणूस ओळखू येतोय का, फिल्म जाळू या का, इथपर्यंत गोष्ट गेली. मी म्हटलं, "बसा खाली. वेगळं आहे एवढंच म्हटलं. जगात हजारो शर्टांना वेगळी बटणं असतात. कोणाला काही कळणार नाही." मग ते बसले. घड्या यंत्रापाशी उभा होता. एवढी काळजी घेणारा माणूस, फ्रेमच्या कोपऱ्यातली धूळसुद्धा टिपणारा, त्याच्याकडून ही चूक झाली असं त्या सगळ्यांना वाटलं. मला नाही वाटलं. मास्तरांकडे दुसरे शर्ट ढीगभर होते.

गाठोडी गेली. मी खिडकीवरची ब्लँकेटं काढायला लागले, घड्या दुसऱ्या टोकाने घडी घालायला आला. मोठ्या ब्लँकेटाची घडी एकट्याने होत नाही, समोरासमोर उभं राहावंच लागतं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"पहिला शर्ट आणला तेव्हापासून."

"आणि मामाला तो हो म्हणणार होता?"

"हो. म्हणाला, निदान एका घरात तरी राहू."

"आणि तू? तू काय करणार होतास?"

त्याने ब्लँकेटाची टोकं जुळवली. "मी त्याच्या लग्नाच्या कपड्यांना इस्त्री केली असती."

मी ब्लँकेट त्याच्या अंगावर फेकलं. तोंडाला येईल ते बोलले. मूर्ख म्हटलं, भेकड म्हटलं, त्या मास्तराला तर काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. म्हटलं, मी काय दोघांच्या मधली भिंत आहे? मला पण जीव आहे. मी खोलीला रंग काढला रे! तो सगळं ऐकत उभा राहिला, ब्लँकेट डोक्यावरून घरंगळत होतं तेही त्याने सावरलं नाही. शेवटी मी म्हटलं, "आणि हे तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"तोंड दाखवायचं नाही असा नियम आहे," तो म्हणाला.

मला हसू आलं, आणि त्याचा मला जास्तच राग आला. मला फार वाईट वाटलं होतं. बहीण म्हणून वाटलं, बाई म्हणून त्याहून जास्त वाटलं. ते अजूनही गेलेलं नाही, आणि गेलं असं मी कोणाच्या समाधानासाठी म्हणणार नाही. पण त्या पडद्यावरचा हात माझ्या डोळ्यांपुढून हलेना. माझ्या नवऱ्याने माझं एक बटण तरी इतक्या सावकाश लावलं होतं का, हे मी आठवून बघितलं. नव्हतं.

मी विचारलं, "तो मला ताई का म्हणत नाही?"

"जीभ रेटत नाही त्याची. म्हणतो, पाठीमागे हे असं, आणि समोर आलं की ताई म्हणायचं. फसवल्यासारखं वाटतं त्याला."

"लग्न करणं फसवल्यासारखं वाटलं नाही वाटतं!"

घड्या खाली वाकला. त्याने ब्लँकेट उचललं, त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं, आणि आम्ही ती घडी पुरी केली.

मामाला मी सोमवारी सांगितलं की मला हे लग्न करायचं नाही. मामा म्हणाला, "अगं, पण कारण?" मी म्हटलं, "चौकड्यांचे शर्ट बघून मला गरगरतं." मामा म्हणाला, "तुझ्या वयाला शोभतं का हे?" मी म्हटलं, "नाही." मास्तरांना तसा निरोप दे म्हटलं तर तो म्हणाला, मी नाही असली कामं करत, तुझं तू सांग. त्यामुळे ते माझ्याकडेच राहिलं.

गुरुवारी मास्तर आले. त्यांना माझ्याआधी घड्याने सगळं सांगितलेलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. अंगात पांढरा शर्ट, आणि हातात तो निळा-करडा. काउंटरवर दुसरं एक गिऱ्हाईक होतं, एक बाई पडदे घेऊन आल्या होत्या. त्यामुळे बोलायची सोय नव्हती. मास्तरांनी शर्ट माझ्यापुढे ठेवला. "हा एवढा शर्ट," म्हणाले. मी काय करीन हे त्यांना माहीत नव्हतं. मी एकदा ओरडले असते तर पडद्यांच्या बाईंनी ते संध्याकाळपर्यंत शाळेत पोचवलं असतं.

मी शर्ट उलगडला. बटण जागच्या जागी होतं. सवयीने माझा हात चिठ्ठ्यांच्या डब्याकडे गेला. मी एक चिठ्ठी काढली, टाचणी काढली, आणि दोन्ही परत डब्यात ठेवून झाकण लावलं.

"चिठ्ठी?" त्यांनी विचारलं.

"घरच्या कपड्यांना आम्ही चिठ्ठी लावत नाही," मी म्हटलं. "आत जा. तपकिरी टोपली आहे, तिच्यात टाका. आणि बाकीचे सहा कुठे धुता तुम्ही? ते पण आणत जा. वर एक खोली रिकामी पडली आहे, कपाटासकट. रंग नवीन आहे, दोन दिवस वास येईल."

पडद्यांच्या बाईंना वाटलं, मी भाडेकरू ठेवते आहे. मामालाही नंतर मी तेच सांगितलं.

मास्तरांनी शर्ट परत उचलला. मग ते काउंटरची फळी उचलायला गेले. कशी उचलायची ते त्यांना माहीत नव्हतं, ती बाहेरून ढकलत होते. मी कडी काढून दिली. मागे इस्त्रीचा आवाज थांबला होता. शर्ट छातीशी धरून ते माझ्या बाजूने आत जायला निघाले आणि माझ्यापाशी आल्यावर थांबले.

"बरं, ताई," ते म्हणाले.

मी पडद्यांच्या बाईंकडे वळले आणि विचारलं, धुवायचे आहेत की नुसती इस्त्री.